आन्द्रेआ : मुलगा की मुलगी?

प्रश्न असा आहे : मिलानला असलेल्या भाच्याने मुलाचं नाव 'आन्द्रेआ' ठेवलं. घरचे म्हणतात, हे तर मुलीचं नाव! अर्थ काय, आणि तिकडे ते चालतं का?

घरच्यांना निर्धास्त करा. इटलीत हे अस्सल पुरुषी नाव आहे. गायक बोचेल्ली, फुटबॉलपटू पिर्लो, सोळाव्या शतकातले वास्तुकार पाल्लादिओ हे सगळे आन्द्रेआच. उच्चारताना जोर 'द्रे'वर द्यायचा. जर्मनी, स्पेन, इंग्लंडमध्ये मात्र आन्द्रेआ म्हणजे मुलगी. घोळ तिथूनच होतो.

मूळ ग्रीक नाव आन्द्रेआस. शेवटचा 'स' इटालियनमध्ये गळला, जसा लुकासचा लुका झाला. आकारान्त म्हणून बाईचं, हा अंदाज खरं तर मराठी माणसाने करूच नये. आपल्याकडे घोडा, मुलगा, राणा सगळे पुल्लिंगीच की! सुधा, माया ही संस्कृताची देणगी.

आणि अर्थ? तो तर आपल्या घरातलाच आहे. ग्रीकमध्ये पुरुष म्हणजे 'अनेर', त्याची षष्ठी 'आन्द्रोस'. हा 'अनेर' आणि आपला 'नर', 'नृसिंहा'तला 'नृ', हे एकाच मुळाचे. मधला 'द' कुठून आला? 'न' आणि 'र' लागोपाठ उच्चारून बघा, जीभ आपोआप 'द'वर टेकते. 'वानर'चं 'वांदर' असंच झालं. मला तर हे उमगलं तेव्हा दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहिल्याशिवाय राहवलं नाही. ग्रीकमध्ये 'आन्द्रेइआ' म्हणजे शौर्य. आपणही पुरुषावरून 'पौरुष' केलंच.

येशूच्या बारा शिष्यांपैकी एकाचं हे नाव, म्हणून ते युरोपभर पसरलं. गोव्यातला आंद्रे पोर्तुगीजांमार्फत आला, वांद्र्याच्या चर्चमधला अँड्र्यू इंग्रजीतून. संत एकच.

लोकप्रियतेचं म्हणाल, तर 2010 च्या सुमारास इटलीत मुलांच्या नावांत ते पहिल्या तिनांत होतं. पुढे 2018 पासून लिओनार्दोने पहिला नंबर पटकावला, पण आन्द्रेआ आजही जुनाट वाटत नाही. मुलीला हे नाव ठेवायला मात्र तिथले निबंधक हरकत घेत, कारण कायद्याने नाव बाळाच्या लिंगाशी जुळायला हवं. अखेर 2012 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मुलीलाही ते चालेल असा निकाल दिला.

बारशाला आजीने 'नरेंद्र' म्हणून हाक मारली तरी मूळ धातू सुटणार नाही.