नाशिकमध्ये घरावर सोलर बसवायचंय. किती किलोवॅट घ्यावं आणि खर्च किती धरावा?

आधी वर्षभराची बिलं घेऊन बसा आणि रुपये सोडून बारा महिन्यांचे युनिट जोडा. आमच्या इंदिरानगरच्या घराचे २,९०० भरले. एका किलोवॅटला वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट धरतात. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. म्हणजे दोन किलोवॅटमध्ये आमचं भागत होतं. तरी सोलरवाला तीनसाठी अडून बसला होता.

तिथे आम्ही नाही म्हटलं, आणि तुम्हालाही तेच सांगेन. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० सबसिडी आहे, तिसऱ्याला १८,०००, पुढे काहीच नाही. वर्षअखेर उरलेल्या युनिटांना घरगुती दराच्या मानाने फारच कमी पैसे मिळतात. घरात एसी किंवा इलेक्ट्रिक गाडी येणार असेल, तर गोष्ट वेगळी.

आम्हाला १,३२,००० खर्च आला, सबसिडी वजा जाता ७२,०००. पण सबसिडी नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि लाइनला परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर, लागल्यावरच खात्यात येते, तेव्हा पूर्ण रकमेची सोय आधी करा. सबसिडीसाठी पॅनल डीसीआर, म्हणजे भारतीय बनावटीचेच लागतात. कोटेशनमध्ये तसं लिहून घ्या.

आता सावली. हे मी कळकळीने सांगतोय, कारण कोटेशन देणारे गच्चीवर पाच मिनिटं उभे राहून जातात. डिसेंबरात नाशिकला भर दुपारीही सूर्य जेमतेम ४६ अंशांवर असतो. तीन फुटी कठड्याची सावली जवळजवळ तीन फूट पडते, सकाळी त्याहून लांब. आम्ही त्या दिवसांत नऊ, बारा आणि तीनला गच्चीवर खडूने रेघा मारल्या. दक्षिणेकडच्या पाण्याच्या टाकीची सावली नेमकी पॅनलच्या जागेवर येत होती. एका पॅनलवर सावली आली तरी ओळीतल्या बाकीच्यांना फटका बसू शकतो. टाकी उत्तरेला हलवायचे प्लंबरने ४,००० घेतले. हा खर्च एकाही कोटेशनमध्ये नव्हता.

स्थिर आकार बिलात राहतोच. आणि लाइट गेली की बॅटरी नसलेलं ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.