एलेरॉनमधली ती ‘टक’

प्रश्न : दोन वर्षं फोमची छोटी रिमोटवरची विमानं उडवतोय, आता पहिल्यांदाच ८८ इंच पंखांचं, ५० सीसी पेट्रोल इंजिनचं एरोबॅटिक मॉडेल घेतलंय, एआरएफ आहे, म्हणजे बरंचसं तयारच आलंय. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) बसवून सर्वो (ती हलवणारी छोटी मोटर) जोडला, पण मागची कड हाताने हलवली तर दोनेक मिलिमीटर लूज लागते. छोट्या विमानात एवढं चालून जायचं. इथे चालेल का? आणि सर्वो किती ताकदीचा लागतो?

उत्तर : नाही चालणार, आणि हे उडवायच्या आधी विचारलंत ते फार बरं केलंत. विमान सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं की एलेरॉनचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि त्याची रुंदीही दुप्पट होते, म्हणजे त्याच स्पीडला हवा बिजागरीपाशी जो पिळा देते तो थेट आठपट. त्यामुळे छोट्या विमानातलं ‘चालून जातं’ इथे आणायचंच नाही. मोकळी जागा असली की हवा एलेरॉनला एकदा इकडे ढकलते, एकदा तिकडे, आणि तो नाद लागला की फडफड सुरू होते, ह्यालाच फ्लटर म्हणतात. ती सुरू झाल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही.

माझ्या एका विमानाचं हेच झालं होतं. उभ्या लाइनवरून खाली येताना थ्रॉटल पूर्ण मागे घ्यायला उशीर झाला आणि अचानक भर्रर्र असा आवाज आला, जाड कागद पंख्याच्या पात्याला लागल्यासारखा. थ्रॉटल बंद केला, नाक हळूच वर घेतलं, कसंबसं उतरवलं. जवळ जाऊन बघतो तर एलेरॉनच्या दोन बिजागऱ्या बाल्साच्या हलक्या लाकडातून उपटून आलेल्या आणि सर्वोच्या गिअरचे दात गेलेले. कारण काय, तर सर्वो आर्मच्या (सर्वोवर फिरणाऱ्या दांडीच्या) क्लॅम्पचा स्क्रू मी नीट आवळलाच नव्हता.

आता तुमचे दोन मिलिमीटर नेमके कुठून येतात ते शोधा. रेडिओ ऑन करा, म्हणजे सर्वो स्वतःची जागा धरून ठेवेल, मग एका हाताने एलेरॉनची मागची कड अगदी हलकेच वरखाली करा आणि दुसऱ्या हाताचं बोट एकेका जॉइंटवर ठेवत जा, आधी सर्वोचा आर्म, मग बॉललिंक (पुशरॉडच्या, म्हणजे जोडदांडीच्या टोकाचा गोल सांधा), मग हॉर्न (एलेरॉनवरचा खुंट, जिथे ती दांडी जोडतात), मग बिजागरी. जिथे लूज आहे तिथे बोटाला बारीकशी ‘टक’ जाणवते. कानापेक्षा बोट जास्त खरं सांगतं. आर्म हलत नसताना हॉर्न हलत असेल तर दोष बॉललिंकचा किंवा हॉर्नच्या बेसचा, आणि आर्मच सर्वोवर हलत असेल तर आर्म बदला किंवा स्क्रू आवळा. सर्वोच्या आतल्या गिअरमध्येच लूज असेल तर तो सर्वो ह्या विमानात वापरू नका.

बिजागऱ्या अजून इपॉक्सीने चिकटवल्या नसतील तर उत्तम. पिनवाली बिजागरी असेल तर तिचा सांधा बरोब्बर बिजागरीच्या रेषेवर यायला हवा, जरा आत किंवा बाहेर गेला की एलेरॉन वाकताना अडकतं. चिकटवण्याआधी टूथपिकच्या टोकाने त्या सांध्याला कणभर व्हॅसलिन लावा, फक्त सांध्याला, बाकी कुठे लागलं तर इपॉक्सी धरणारच नाही. मग ३० मिनिटांवालं इपॉक्सी भोकात घाला, ५ मिनिटांवालं नको, सगळ्या बिजागऱ्या सरळ करेपर्यंत ते घट्ट व्हायला लागतं. बसवल्यावर एलेरॉन दोन्ही बाजूंना पूर्ण वाकवून बघा आणि पंख-एलेरॉनमधली फट अगदी कमी ठेवा. नंतर ती फट खालून पारदर्शक टेपने बंद करा, एलेरॉन पूर्ण वर वाकवूनच टेप लावायची, नाहीतर टेपच त्याला अडवेल. ह्या एका टेपने फ्लटरची भीती कमी होते आणि रोलही (विमानाचं कुशीवर फिरणं) तरतरीत होतो, तरी कितीतरी जण हे काम पुढच्या रविवारवर टाकतात.

सर्वोबद्दल : ह्या साइजला मी २० किलो-सेंटीमीटरच्या खाली जाणार नाही, २५-३० असेल तर अजून निश्चिंत, मेटल गिअरचा आणि डिजिटल. पण महागडा सर्वो घेऊन त्याची ताकद लिंकेजमध्ये, म्हणजे सर्वो ते एलेरॉनच्या जोडणीत, वाया घालवू नका. सर्वो मधोमध असताना पुशरॉड आर्मला काटकोनात हवा आणि हॉर्नचं भोक बिजागरीच्या रेषेच्या बरोबर वर हवं. रेडिओमधला ट्रॅव्हल (सर्वो किती फिरतो ते) कमी करून लांब आर्मची हालचाल कापू नका, त्यात ताकदही जाते आणि बारकावाही, त्यापेक्षा आर्मच आखूड घ्या. सुरुवातीला १५ अंशांच्या आसपासची हालचाल ठेवा, ४५ अंश थ्रीडी कसरतींसाठी दुसऱ्या स्विचवर असू द्या. असे ताकदीचे सर्वो एकदम हलले की करंटही बराच ओढतात, म्हणून रिसिव्हरला दोन बॅटऱ्या, दोन स्विच आणि जाड वायर द्या.

प्रश्न : माझ्या मॉडेलची फायरवॉल (इंजिन बसतं ती पुढची भिंत) सरळ नाही, इंजिन उजवीकडे तिरकं बसतंय आणि मध्यरेषेपासून थोडं डावीकडे सरकलंय. पॅकिंग लावून सरळ करू का?

उत्तर : अजिबात नको! ते मुद्दाम दिलेलं असतं, साधारण २ ते ३ अंश. उभ्या लाइनवर स्पीड कमी होतो तसं प्रोपेलरच्या फिरत्या हवेमुळे विमान डावीकडे ओढलं जातं, त्याला हा उजवा कोन उतारा असतो. डावीकडे सरकवलंय ते अशासाठी की तिरकं असूनही प्रोपेलर काउलच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) बरोबर मध्यावर यावा. बोल्ट धातूत जात असतील तर थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावाच, आणि फायरवॉलच्या आतल्या सांध्यांवर इपॉक्सीचा एक हात फिरवा. पेट्रोलच्या टाकीला सिलिकॉनची नळी मात्र चालत नाही, ती फुगते, पेट्रोलवाली नळीच हवी. इग्निशनचा बॉक्स रिसिव्हरपासून जमेल तितका लांब ठेवा.

प्रश्न : सीजी (विमानाचा तोलबिंदू) बघायला टाकी भरलेली हवी की रिकामी?

उत्तर : रिकामी, कारण टाकी पुढे असेल तर पेट्रोल संपत जाईल तसं विमान शेपटीकडे जड होत जातं आणि उतरायची वेळ तेव्हाच येते. पत्रकात दिलेल्या खुणेपासून सुरुवात करा. शिसं लावण्याआधी बॅटऱ्या पुढेमागे सरकवून बघा. मग हवेत ४५ अंशांवर चढवा, उलटं करा आणि एलिव्हेटरची (नाक वरखाली करणाऱ्या शेपटीच्या पट्टीची) काठी सोडा. सरळ चढत राहिलं किंवा हळूच नाक सोडलं तर ठीक, झपकन खाली गेलं तर नाक जड, आणि उलटं असताना आपणहून वर ओढायला लागलं तर शेपटी जड, तेव्हा लगेच उतरवा आणि बॅटरी एकदम जास्त नाही, दोन-तीन सेंटीमीटर पुढे घेऊन परत बघा.