पंधरा वर्षांच्या थारला किती रुपयांचे टायर घालावेत?

चोपडा तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक लिहितात : २०११ची फोर-बाय-फोर थार आहे, वर्षाला साधारण ६,००० किलोमीटर चालते. बरीचशी जळगावच्या डांबरी रस्त्याने, उरलेली सातपुड्याच्या पायथ्याच्या काळ्या रानात, केळीच्या शेतात. मागचे दोन टायर पार घासलेत. दुकानदार साधा रोड टायर नगाला साडेसात हजारांना देतो आणि जाड खाचांचे ‘ऑल-सीझन’ अकरा हजारांना. हे साठ हजार किलोमीटर चालतील असं तो म्हणतो. आत्ता मागचे दोनच घ्यावेत, का एक लाखाची एफडी मोडून चारही चांगले घालावेत? एफडी तीन वर्षांची आहे, आठ महिने उरलेत.

गुरुजी, टायरच्या आधी आरसीचं पुस्तक उघडा. गाडी २०११ची म्हणजे २०२६मध्ये नोंदणीची पंधरा वर्षं भरतात. पुढे पाच वर्षांचं नूतनीकरण करायचं तर त्याचं शुल्कच पाच हजार आहे. वर हरित कर, आणि तपासणीआधी ब्रेक, दिवे, धूर यांच्या कामाचा खर्च. हे पैसे घालून गाडी ठेवायची, हे घरात बसून ठरवा. विकणारच असाल तर नव्या टायरचे पैसे गिऱ्हाईक भरून देत नाही. गुळगुळीत टायरवर मात्र गाडी रस्त्यावर काढू नका. ठेवणार असाल तर पुढचं वाचा. तुमच्या पत्रावरून मला वाटतं की ठेवणार.

नूतनीकरण पाच वर्षांचं, आणि आपल्याकडच्या उन्हात टायरच्या रबराचं आयुष्यही मी पाच-सहा वर्षांच्या वर धरत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, गाडी अंगणात उभी असते, आणि टायरच्या बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक चिरा पडू लागतात. अंगठ्याने दाबून बघा, दिसतील. तुमची गाडी पाच वर्षांत चालणार ३०,००० किलोमीटर. म्हणजे साठ हजारांतले निम्मे किलोमीटर तुम्ही वापरणारच नाही, त्याआधी रबर वाळेल. साधे चार टायर ३०,००० रुपयांचे, म्हणजे किलोमीटरला एक रुपया. महागडे ४४,०००चे, म्हणजे जवळपास दीड रुपया.

वरचे चौदा हजार चिखलासाठी द्यावेत का? ‘ऑल-सीझन’ हा शब्द थंड मुलखातला. तिथे बर्फासाठी मऊ रबराचे वेगळे टायर असतात, आणि दोन्ही ऋतूंत चालणारा तो ऑल-सीझन. आपले ऋतू म्हणजे वैशाखाचं ऊन आणि आषाढातली काळी माती. मागच्या जुलैत शिरपूरकडे एका शेतातून गाडी काढताना मी स्वतः खाली उतरलो होतो. जाड खाचांचे टायर होते, पण खाचांत माती लिंपल्यासारखी बसलेली, काडीने उकरली तरी निघेना. टायर गोल गुळगुळीत झाला होता आणि जागच्या जागी फिरत होता. मुरूम आणि दगडगोट्यांवर जाड टायर नक्की टिकतो. तुमची वाट जास्त करून खडकाळ असती तर मी तेच घ्या म्हटलं असतं. पण पत्रात तुम्ही काळ्या रानाचं लिहिलंय, शिवाय बहुतेक धावणं डांबरावर. साधे रोड टायर घ्या आणि वाचलेले चौदा हजार नूतनीकरणाला ठेवा.

मात्र चारही एकदम घ्या, इथे काटकसर करू नका. फोर-व्हील टाकल्यावर तुमच्या थारचे पुढचे-मागचे दोन्ही अॅक्सल एकाच वेगाने फिरतात. मागचे टायर नवे आणि पुढचे घासलेले असले की त्यांच्या घेरात फरक पडतो, आणि तो ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या अॅक्सलना ताकद वाटून देणाऱ्या पेटीवर येतो. ते काम निघालं तर वाचवलेले पंधरा हजार पुरायचे नाहीत. पुढच्या जुन्या दोघांतला बरा असेल तो स्टेपनीला ठेवा. तो लावलेला असताना फोर-व्हील टाकू नका.

आता पैसे कुठून? एफडी मोडू नका. एक लाखाची, तीन वर्षांची, आठ महिने उरलेली. बँकेने मोडण्याचा एक टक्का कापला तर अठ्ठावीस महिन्यांचे सुमारे तेवीसशे रुपये गेले. त्यापेक्षा त्याच एफडीवर ३०,०००ची उचल घ्या. व्याज बहुतेक ठिकाणी एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतं, आणि ठेवीचं व्याज चालूच राहतं. केळीचे पैसे आले की सहा महिन्यांत फेडा. खरा भुर्दंड दीडशे ते तीनशे रुपये. दुकानदाराचा ‘बिनव्याजी’ हप्ता घेण्याआधी रोखीचा भाव विचारा. दोन्हींत फरक निघाला तर तेच व्याज समजा.

बिल बनवताना दोन गोष्टी डोळ्यांनी बघा. २२ सप्टेंबर २०२५पासून टायरवरचा जीएसटी २८वरून १८ टक्के झालाय. कोटेशन जुन्या दराचं असेल तर तीस हजारांत सव्वादोन हजारांच्या वर फरक पडतो. दुसरं, टायरच्या बाजूवर चार आकडे असतात : २४२५ म्हणजे २०२५चा चोविसावा आठवडा. दोन वर्षं गोदामात पडलेला माल पाचातली दोन वर्षं आधीच संपवून येतो, म्हणजे तुमचे बारा हजार. चारही टायरचे आकडे वाचल्याशिवाय रिमवर चढवू देऊ नका.