तुटलेली दाढ ठेवावी की काढावी

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. कुत्र्याची वरची मोठी दाढ तुटली आहे, डॉक्टरांनी ती काढावी लागेल असे सुचवले आहे, पण तो तर रोजच्यासारखा खातो, मग काढायची कशाला, असे तू विचारले आहेस. हा ‘खातो आहे’चा दिलासा आधी बाजूला ठेव. दातदुखीने कुत्रा किंवा मांजर अन्न सोडते ते अगदी शेवटी; तोवर ते दुखरी बाजू सांभाळून, न चावता गिळून दिवस काढते.

माझ्याकडे एकदा एक मांजर आली होती. ती दाणा तोंडात घ्यायची, मान एका बाजूला कलती करून एकदाच चावायची आणि दाणा खाली पडला की त्याच्याकडे पाहत बसायची. घरच्यांना वाटले होते, ती खाण्याच्या बाबतीत चोखंदळ झाली आहे. प्रत्यक्षात तिच्या खालच्या दाढेचा हिरडीलगतचा भाग शरीरानेच पोखरून टाकला होता आणि त्या खड्ड्यावर हिरडीचे लाल मांस चढले होते. भूल दिलेली असूनही तिथे हत्यार टेकताच तिचा जबडा थरथरला. मांजरांच्या या आजारात दात भरून भागत नाही, तो काढावाच लागतो. ती दाढ काढल्यावर काही दिवसांतच ती मान सरळ ठेवून खाऊ लागली, तेव्हा इतके महिने तिने काय सोसले असेल हे घरच्यांना कळले, आणि मलाही ते नव्याने कळले.

आता तुझ्या कुत्र्याविषयी. त्याचा ओठ हळूच वर उचलून दोन्ही बाजूंच्या दाढा उजेडात पाहा. एकाच बाजूला कीटण जास्त साचले असेल, तर त्या बाजूने तो चावत नाही असा संशय घ्यावा. तुटलेल्या पृष्ठभागाच्या मध्यभागी गुलाबी किंवा काळा ठिपका दिसला, तर बहुधा दाताची नस उघडी पडली आहे. अशा दाताला ‘थांबून पाहू’ हा पर्याय नसतो, कारण त्या वाटेने जंतू मुळाच्या टोकापर्यंत जातात. या दाढेला तीन मुळे असतात आणि त्यांची टोके डोळ्याच्या खालच्या बाजूला येतात, म्हणून तिथे गळू झाले की डोळ्याखाली सूज येते. अँटिबायोटिकने ती उतरते आणि आपण निश्चिंत होतो, पण मूळ तसेच राहिल्याने ती पुन्हा येते.

नस उघडी पडली असेल, पण मुळे आणि आजूबाजूचे हाड भक्कम असेल, तर रूट कॅनाल करून दाढ वाचवता येते. सुळे आणि या मोठ्या दाढा कामाच्या असल्याने तो पर्याय मी नक्की विचारला असता. मात्र पुढे भूल देऊन पुन्हा एक्स-रे काढून पाहावे लागते, हे धरून चाल. फक्त वरचा टवका उडाला असेल आणि नस झाकलेली असेल, तर एक्स-रे पाहून, पृष्ठभाग बंद करून लक्ष ठेवता येते. हाडाचा आधार निम्म्याहून अधिक गेला असेल, तर बहुतेक वेळा दाढ काढणेच हिताचे असते.

यातले काहीही नुसते तोंड उघडून ठरत नाही, कारण दाताचा बराचसा भाग हिरडीखाली असतो. म्हणून डॉक्टरांना तुझा पहिला प्रश्न ‘काढायची का?’ असा नसावा, तर ‘एक्स-रेमध्ये काय दिसते?’ असा असावा. दाढ काढायचे ठरलेच, तर मुळाचा तुकडा आत राहिला नाही ना, हे पाहण्यासाठी नंतरचाही एक्स-रे माग. तो मागताना संकोच करू नकोस.

भुलेची भीती तू लिहिली आहेस, ती खोटी नाही. रक्ततपासणी करून मूत्रपिंड आणि यकृत कसे आहे ते पाहतात, हृदय तपासतात, भुलेत श्वासनलिकेत नळी घालून श्वास व नाडीवर लक्ष ठेवतात. वय जास्त आहे एवढ्याच कारणाने नकार देऊ नये. भूल न देता कीटण खरवडण्याचा मोह मात्र टाळ, कारण त्याने दिसणारा भाग चकचकीत होतो आणि हिरडीखालचा आजार तसाच वाढत राहतो.

दाढ काढल्यानंतर साधारण 10 ते 14 दिवस मऊ अन्न द्यावे लागेल. वेदनाशामक डॉक्टरांनी दिलेलेच द्यायचे. माणसांच्या गोळ्यांना हातही लावू नकोस. आयबुप्रोफेन कुत्र्यांना घातक ठरते आणि पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर दगावू शकते.

दाढ कशाने तुटली, हे तू लिहिलेले नाहीस. त्याला चघळायला हाड किंवा शिंग देत असशील, तर त्यावर अंगठ्याचे नख जोराने दाबून पाहा. नखाची खूण उठत नसेल, तर ते आजच घरातून काढून टाक.

तुझ्या उत्तराची वाट पाहतो.