वडील गेल्यानंतरची पहिली आखाजी आहे. माझा विश्वास नसताना घागर भरणं हा ढोंगीपणा नाही का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील कार्तिकात गेले, आई गावी एकटी, तुम्ही पुण्यात नोकरीला. आई म्हणते, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ये आणि बापाच्या नावाने पाण्याची घागर भर. तुम्ही म्हणता, मेलेला माणूस पाणी पीत नाही, मग आईसमोर नाटक कशाला करू? शेवटी टोलाही हाणलाय: धार्मिक माणसांनी उत्तर द्यावं, पण सणाला विज्ञानाची फोडणी देऊ नये.

मी धार्मिक माणूस आहे. गळ्यात माळ आहे, एकादशी चुकत नाही, नवीन काही आलं की आधी त्याला ओट्यावरच बसवतो, घरात लगेच घेत नाही. गाव चाळीसगाव तालुक्यातलं, गिरणेच्या काठचं. नोकरी मात्र रेल्वेच्या सिग्नल खात्यात, मेंटेनर म्हणून. पस्तीस वर्षं रिले (विजेवर चालणारी कळ), बॅटऱ्या आणि पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा) यांच्यात गेली. त्यामुळे फोडणी देणार नाही, मलाच ती पचत नाही. दर वर्षी मोबाईलवर येतं की उन्हाळ्यात मातीचं भांडं घरात यावं म्हणून पूर्वजांनी हा सण काढला. तेवढ्यासाठीच असेल तर फ्रिज आला त्या दिवशी सण संपायला हवा होता.

पाणी कुठे जातं? हवेत जातं. घागरीच्या अंगाला बारीक छिद्रं असतात, पाणी झिरपतं, त्याची वाफ होते, वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार. नववीत असताना हे शिकून मी घरी आलो आणि आईला ऐकवलं. ती कुरडया तळत होती. मान वर न करता म्हणाली, "पानी कोठे जास ते माले काय ठाव? तो मन्हा सासरा व्हता, इतलं माले ठाव शे." त्यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

इथे बाहेरचे लोकही वाचतात म्हणून थोडं सांगतो. खान्देशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराई बसते. आणि त्याच दिवशी पितरांची घागर. कुंभाराकडून घागर आणायची, आमच्याकडे तिला डेरगं म्हणतात, पाण्याने भरायची, वर खरबूज, सांजोरी, आंबा ठेवायचा. पुरणपोळी-आमरसाचा घास निखाऱ्यावर टाकायचा, ती आगारी. आमच्या घरात त्याआधी उंबरठा धुऊन एकेका पितराचं नाव घेत कुंकवाचं एकेक बोट ओढतात. (त्याच दिवशी झाडाखाली पत्तेही कुटले जातात, पैसे लावून, आणि त्यालाही परंपरा म्हणतात. मी म्हणत नाही.)

आखाजीची आणखी एक गोष्ट शहरात वाढलेल्यांना माहीत नसते. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल याच दिवशी संपतं. वर्षभराचा हिशोब होतो, उचल किती, देणं किती, राहायचं की दुसरीकडे जायचं. माझ्या लेखी घागर या हिशोबाला लागूनच आहे. कशी, ते सांगतो, पण आधी पाटणला जाऊन येऊ.

चाळीसगावपासून सतरा-अठरा किलोमीटरवर पाटणादेवी. लोक देवीला जातात, धबधबे बघतात आणि परत येतात. इथला एक शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. शके ११२८ चा, म्हणजे १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या राजाचा, सिंघण यादवाचा, ज्योतिषी. (मुक्ताईचा चांगदेव वेगळा, घोळ करू नका.) त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि निकुंभ वंशातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिलं. लेख संस्कृत, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत, बाजारातल्या मालावरच्या कोणत्या कराचा वाटा मठाला द्यायचा त्याच्या. हे दान दिलं कधी? श्रावणातल्या पौर्णिमेला, चंद्रग्रहण लागलेलं असताना, हातावर पाणी सोडून.

आता गंमत बघा. त्या मठात शिकवणार काय, तर ग्रहण कसं लागतं त्याचं गणित. भास्कराचार्य शके १०३६ चे, म्हणजे १११४ चे. छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला. चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. पृथ्वीला कोणी उचलून धरलंय या समजुतीवर ते विचारतात, त्या उचलणाऱ्याला कोणी धरलंय? आणि त्याला? शेवटी कुठेतरी स्वतःच्या शक्तीवर राहणारं काही मानावंच लागणार, तर ते पृथ्वीलाच का मानू नये? आणि हाच माणूस लीलावतीची सुरुवात गणपतीला वंदन करून करतो. राहूबद्दल लिहिताना म्हणतो की शंभूच्या वराने तो त्या सावलीत शिरून चंद्राला झाकतो, म्हणजे आगमांशी (जुन्या शास्त्रग्रंथांशी) विरोध उरत नाही. काही विद्वान याला भित्रेपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. राहूला त्यांनी गणितात येऊ दिलं नाही आणि घरातून हाकलूनही लावलं नाही. आकडे सावलीवरून काढले, आणि त्यांच्या नातवाला दान मिळालं ते मात्र ग्रहणाच्या पुण्यकाळात.

पुढचंही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल आलाच अभिमानावर. न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी आपल्याकडे गुरुत्वाकर्षण होतं, असं आमच्या भजनी मंडळातही छाती फुगवून सांगतात. पृथ्वीत ओढून घेण्याची शक्ती आहे असं भास्कराचार्यांनी लिहिलंय, ते खरं. पण ती शक्ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते आणि तीच चंद्राला फिरवते, हे न्यूटनचं, १६८७ चं. आजोबांच्या नावावर दुसऱ्याचं शेत लिहून घेतलं म्हणून आजोबांची अब्रू वाढत नाही. पाटणच्या चांगदेवाने आजोबांची आठवण ठेवली ती त्यांची गणितं शिकवून.

आता परंपरेकडे येतो. तुम्ही लिहिलंय, धार्मिक लोक जुनं ते सगळं डोळे मिटून धरून ठेवतात. रेल्वेत नवीन पोरगं आलं की विचारायचं, हा नियम कशाला, तो कशाला? आमचे जुने मिस्त्री म्हणायचे, या पुस्तकातला एकेक नियम कोणाच्या तरी मढ्यावर लिहिलाय. पॉइंट नीट बसून कुलूप लागल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही, तार तुटली की रिलेची पट्टी खाली पडते आणि सिग्नल आपोआप लाल होतो, हे सगळं कुठेतरी गाड्या धडकल्यानंतर सुचलेलं. म्हणून नियम मोडण्याआधी मी विचारतो, हा कोणत्या अपघातानंतर आला? माझा सनातनीपणा इतकाच.

पण या कसोटीला सगळं उतरत नाही. मी सात-आठ वर्षांचा असेन. आखाजीचा दिवस, ऊन असं की अंगणात पाय ठेवता येत नव्हता. आत पितरांची घागर भरलेली, खरबूज ठेवलेलं. बाहेर आमचा सालदार साल संपलं म्हणून हिशोबाला आला होता. त्याने पाणी मागितलं. आजीने लोटा उंच धरून त्याच्या ओंजळीत वरून धार सोडली. त्याच्या कोपरांवरून अर्धं पाणी मातीत गेलं. मेलेल्यांना भांड्यात पाणी आणि वर्षभर आमच्या शेतात राबलेल्या जिवंत माणसाला वरून. तेव्हा मला वावगं वाटलं असं खोटं सांगणार नाही. मला ते रोजचंच होतं. वावगं वाटायला वीस वर्षं लागली.

हा नियम कोणत्या अपघातानंतर आला? शोधून बघा, सापडणार नाही. इंटरलॉकिंग, म्हणजे पॉइंट आणि सिग्नल यांना एकमेकांशी बांधणारं ते कुलूप, रुळावर चालणाऱ्याला वाचवतं. हा नियम फक्त कॅबिनमध्ये बसलेल्याचा तोरा राखत होता. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरला दहा दिवस उपाशी बसले, विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्य मानलेल्यांना उघडावं म्हणून. गुरुजी एकेकाळी आमच्याच जिल्ह्यातल्या अमळनेरात मास्तर होते. आमच्या घरात वारी त्याच्याही आधीपासून आहे, आणि आजोबा गुरुजींच्या बाजूचे नव्हते. हे मला वडिलांनी सांगितलं, तेही मी विचारल्यावर.

तरी उंबरठ्यावर मी आजीचं आणि आजोबांचं बोट ओढतो. ती धार आठवते, हात जरा अडतो, आणि मग ओढतो. आजीने गोवरात मला मांडीवर घेऊन सलग कितीतरी रात्री जागून काढल्यात, तेही त्याच बोटात आहे. आपल्या माणसांना आठवायचं म्हणजे त्यांच्या खात्यातली उधारीची पानं फाडायची नाहीत.

हा त्यांचा हिशोब झाला, आता माझा. नीतीला देव लागतो का, असंही तुम्ही विचारलंय. माझ्या बरोबरीचा एक मेंटेनर देवाचं नाव काढलं की हसायचा. त्याच्या रजिस्टरात एक खोटी नोंद मला कधी सापडली नाही. आणि मी? पॉइंटची एक चाचणी असते, पॉइंटची सरकणारी जीभ आणि मुख्य रूळ यांच्यामध्ये पाच मिलीमीटरची पट्टी धरायची, तेवढी फट असताना कुलूप लागता कामा नये. पौषातली पहाट होती, लहान स्टेशन, बोटं बधिर झालेली. मी खोलीतच बसून चाचणी केल्याची सही ठोकली. मालगाडी नीट गेली. कोणाला कळलं नाही, काही झालं नाही. गळ्यात माळ तेव्हाही होती, तिने काही मला उठवून बाहेर नेलं नाही.

मग आखाजी आली. माझे वडील गँगमन. उन्हात-पावसात रूळ चालत गेले, रूळ धरून ठेवणारी चावी सैल दिसली की हातोडा मारायचा, कोणी बघो न बघो. त्यांचं नाव घेतलं आणि कुंकवाचं बोट उंबरठ्यावर टेकेना. बायको मागे घास घेऊन उभी, तिला वाटलं मी रडतोय. त्या दिवसानंतर मी खोटी सही केली नाही. देवाच्या भीतीने की बापाच्या लाजेने, त्याची वाटणी मला करता येत नाही. माझ्यासारख्या कच्च्या माणसाला वर्षातून एकदा कोणासमोर तरी उभं राहावं लागतं, एवढं कळलं. तो हसणारा मेंटेनर पक्का होता, त्याला लागलं नसेल.

म्हणून तुमच्या ढोंगाबद्दल. आईने तुम्हाला पाणी कुठे जातं हे विचारलेलंच नाही. तिने फक्त ये म्हटलंय. घागर भरताना तोंडाने काही खोटं बोलावं लागत नाही, नुसतं नाव घ्यावं लागतं, आणि ते नाव तर खरंच आहे ना? विश्वास आहे असं मात्र सांगू नका, आई विचारेल तर खरं सांगा. तिला ते आधीच माहीत असेल. आणि वडील असताना पाण्याला विचारलं नाही आणि आता घागर, असं काही मनात खुपत असेल, तर तेही घेऊनच उंबरठ्याशी बसा. ते खुपणं पुसून टाकायला कोणी सांगत नाही.

बहीण असेल तर तिलाही बोट ओढू द्या. माझ्यामागे आमच्याकडे मुलगीच भरणार आहे. भावकीने नाकं मुरडली. मी विचारलं, कोणत्या अपघातानंतरचा नियम आहे हा? कोणाला सांगता आलं नाही.

पहिल्या वर्षाच्या रिती घराघरात वेगळ्या असतात, त्या आईलाच विचारा, इथे नाही. घागर कुंभाराच्या घरी जाऊन आणा आणि पाणी भरून आधी रात्रभर बघा, हल्ली बऱ्याच गळक्या निघतात. खरबूज आदल्या दिवशी घ्या, सणाच्या सकाळी भाव चढतो.

आणि गाडीत बसायच्या आधी आईला फोन करून वडिलांच्या वडिलांचं, त्यांच्या वडिलांचं, आजीचं, पणजीचं नाव लिहून घ्या. मी विचारायला उशीर केला. पणजोबांच्या पलीकडचं आमच्याकडे कोणाला ठाऊक नाही. तिथे मी नाव न घेता एक बोट ओढतो.