वाचकांचे प्रश्न : हातची भेट आणि तिचे दिवस

घरी केलेल्या वस्तू आणि सणावारी होणारी त्यांची देवाणघेवाण या विषयावर गेल्या अंकात आम्ही प्रश्न मागवले होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून आलेल्या पत्रांत बहुतेकांनी काय करावे हे विचारले आहे. केव्हा करावे हे फार थोड्यांनी विचारले आहे. माझ्या मते खरी अडचण तिथेच असते. वस्तू ज्या सणाला द्यायची तो सण आणि ती ज्या दिवसांत नीट होते ते दिवस सहसा एक नसतात, आणि हे आधी ध्यानात घेतले नाही की हौसेने मनात धरलेले काम शेवटच्या आठवड्यात बाजारातून आणलेल्या डब्यावर भागवावे लागते. म्हणून पुढील उत्तरांत वेळेविषयी जरा अधिक लिहिले आहे.

प्रश्न : आमच्या भिशीत अकरा जणी आहोत. गेल्या संक्रांतीला चिठ्ठ्या टाकून जिचे नाव येईल तिला स्वतः केलेली वस्तू द्यायची, असे ठरले. काहींनी महिनाभर खपून विणकाम केले, तर काहींनी आदल्या दिवशी दुकानातून पेटी आणून तिच्यावर टिकल्या चिकटवल्या. त्यावरून थोडी नाराजी झाली. यंदा पुन्हा करायचे आहे. नियम कसे ठेवावेत?
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : तुमच्या मैत्रिणींच्या मनात कमीअधिक होते असे मला वाटत नाही. चिठ्ठ्या टाकायला उशीर झाला असणार. मार्गशीर्षात नाव कळले तर हातात जेमतेम महिना राहतो, आणि तो आपल्याकडे सुगीचा महिना असतो. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना भाताची मळणी, उसाची तोड, घरी येणारी माणसे यांतून दुपारची घटकाही मोकळी मिळत नाही. ज्यांच्या घरी शेती नाही त्या रोज तासभर सुई हातात धरू शकतात. नाराजी या फरकातून आली असावी.

चिठ्ठ्या नागपंचमीला टाका. तोवर रोप लावण आटोपलेली असते, मुली माहेरी आलेल्या असतात आणि पावसामुळे बाहेरची कामे तशीही कमी झालेली असतात. श्रावण-भाद्रपदात लोकर, दोरा, मणी यांचे काम उत्तम होते. याच दिवसांत डिंकाने चिकटवण्याचे, कागदाच्या लगद्याचे, मातीचे आणि रंगाचे काम मात्र हाती घेऊ नये. विशेषतः जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात ते वाळत नाही, आणि वरून वाळल्यासारखे दिसले तरी आतून बुरशी धरते. अशी कामे दसरा झाल्यावर, ऊन स्वच्छ पडू लागल्यावर करावीत. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस कोणाच्याच हिशेबात धरू नका.

पैशांची मर्यादा वस्तूच्या किमतीवर ठेवू नका, विकत आणायच्या साहित्यावर ठेवा. घरातले कापड, उरलेली लोकर, परसातले लिंबू हे त्या मर्यादेबाहेर असू द्या. सुईकाम येत नाही म्हणून कोणी मागे राहू नये यासाठी खाण्याच्या वस्तूंनाही तेवढाच मान द्यावा. घरी भाजून दळलेले मेतकूट, कारळ्याची चटणी, मुरलेले लिंबाचे लोणचे या हातच्याच भेटी आहेत आणि त्यांनाही वेळ द्यावा लागतो. लोणचे दिवाळीच्या सुमारास घातले तर संक्रांतीला मुरून तयार असते.

आणखी एक सुचवते. चिठ्ठीवर नुसते नाव लिहू नका. प्रत्येकीने आपल्या नावाखाली दोन ओळी लिहाव्यात : घरात माणसे किती, कोणता रंग आवडतो, काय अजिबात वापरात येत नाही. ज्या घरात फ्रिजवर आच्छादन घालत नाहीत तिथे क्रोशाचे आच्छादन दिले तर ते कपाटात जाते, आणि करणारीला ते पुढे कुठेच न दिसल्याचे वाईट वाटते. गेल्या वर्षी कोणी काय दिले हा विषय मात्र पुन्हा काढू नका.

प्रश्न : मला कसुती, म्हणजे धागे मोजून भरायचे आपल्याकडचे भरतकाम, येते, पण ती जाड इरकलीवर आणि मॅटीच्या जाळीदार कापडावर. नणंदेच्या तयार सुती कुर्त्याच्या गळ्याला करायला घेतली तर धागे मोजताच येत नाहीत.
— एक वाचक, हुक्केरी

उत्तर : कसुती पूर्णपणे मोजणीवर चालते. छापलेल्या नक्षीवर भरले तर गोपुराचे कंगोरे वाकडे होतात आणि लांबूनही ते कळते. बारीक कापडावर सैल विणीच्या सुती कॅनव्हासची पट्टी टाचून घ्या, तिचे धागे मोजत दोन्ही कापडांतून टाके घाला, आणि काम संपल्यावर पट्टीचे धागे ओले करून एकेक ओढून काढा. त्यासाठी टाके नेहमीपेक्षा किंचित घट्ट असावेत, कारण मधले धागे निघाले की ते सैल पडतात.

गळ्यासाठी गवंती आणि मुरगी हे दोनच टाके घ्यावेत, असे मी सुचवेन. गवंतीत सुई एकदा पुढे जाताना एक घर सोडून टाके घालते आणि त्याच वाटेने परत येताना रिकामी घरे भरते, त्यामुळे उलट बाजूही सुलट्यासारखीच दिसते. मुरगी हीच चाल पायऱ्यापायऱ्यांनी करते. दोन्हींत गाठ मारायची नसते, दोऱ्याचे टोक टाक्यांखालीच दडवायचे असते, आणि म्हणून गळ्याशी काही टोचत नाही. नेगी आणि मेंथी हे कसुतीचे दुसरे दोन टाके मागच्या बाजूला दोरा लांब सोडतात किंवा जाड होतात. ते पदरासाठी ठेवा.

प्रश्न : माझ्या मुलीचे लग्न बैलहोंगलच्या कन्नडभाषक घरात ठरले आहे. कार्तिक पौर्णिमेला, म्हणजे त्यांच्या गौरी पौर्णिमेला, त्यांच्याकडून साडी आणि साखरेची आरती आली. लग्न मार्गशीर्षात आहे. पहिल्या संक्रांतीला मुलगी-जावयाला हलव्याचे दागिने मी स्वतः करून द्यावेत अशी इच्छा आहे, पण हलव्याला काटाच येत नाही. शिवाय त्यांना हे दागिने परके वाटतील का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : परके मुळीच वाटणार नाहीत. लाकडी साच्यांत पाक ओतून काढलेल्या साखरेच्या मूर्ती ज्यांच्याकडून तुमच्या घरी आल्या, त्यांच्या घरी संक्रांतीला कुसुरेळ्ळु असतेच. ते तिळावर साखर चढवूनच करतात आणि वाटतातही तसेच. तुम्ही त्याच पदार्थाचा हार करून पाठवणार आहात. त्यांनी साखर पाठवली, तुम्हीही साखरच पाठवणार, याहून जुळणारी परतभेट मला सुचत नाही.

आता काट्याविषयी. पाकातले पाणी उडून जाताना साखरेचे बारीक कण दाण्यावर बसतात, आणि पुढचा प्रत्येक थेंब आधीच्या उंचवट्यांवर चढतो. काटा येतो तो असा. त्यासाठी हवा कोरडी आणि गार लागते. पौषातली पहाट त्यासाठी उत्तम; ढगाळ दिवशी बसूच नये. साखर बुडेल एवढे पाणी घालून उकळा, चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढून टाका, आणि पाक एकतारीच्या थोडा अलीकडे असतानाच उतरवा. पाक पुढे गेला तर साखर दाण्यावर न चढता परातीत भुकटी होऊन पडते.

पितळेची परात अगदी मंद आचेवर ठेवा. कोळशाची शेगडी मिळाली तर फारच चांगले. गॅसवर करत असाल तर खाली तवा ठेवा. आधी भाजून निवडलेले तीळ किंवा खसखस परातीत घ्या, चहाच्या चमच्याने पाव चमचा पाक सोडा आणि बोटांच्या टोकांनी, तळव्याने नव्हे, दाणे सतत गोल फिरवत राहा. दाण्यांचा ओला आवाज जाऊन ते परातीवर खडखडू लागले की मगच पुढचा पाव चमचा. बहुतेकींचे बिघडते ते इथे : घाईने चमचाभर पाक एकदम पडतो, दाणे एकमेकांना चिकटतात आणि ते सोडवताना आलेला काटाही झडतो. परात फार तापली तर रंग पिवळट होतो. बोटांना चटके बसतात हे खरे, म्हणून दोघींनी आलटून पालटून बसावे. हे एका बैठकीत होणारे काम नाही; तीन-चार सकाळी थोडे थोडे चढवत न्यावे, आणि मध्ये दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, फ्रिजमध्ये नाही.

दागिन्यांसाठी मोठे दाणे हवेत. ते साबुदाणा आणि मगजबी यांवर चढवा, बारीक खसखशीचा हलवा भरणीला वापरा. सुई टोचून ओवायला जाऊ नका, दाणा फुटतो. दोऱ्याच्या फासात एकेक दाणा धरून गाठ आवळत जा. मुलीला हार, बांगड्या, कर्णफुले, बाजूबंद एवढे पुरे. जावयाला हार आणि हलव्याने मढवलेला नारळ. पांढरा हलवा काळ्या साडीवरच खुलतो, तेव्हा साडी चंद्रकळा असू द्या. तिच्या पदरावर कसुती असेल तर सासरच्या मंडळींना ती विशेष आपली वाटेल, कारण कसुती भरलेली काळी चंद्रकळा नवरीला देण्याची रीत त्या बाजूलाही आहे. लग्नाच्या धांदलीत हे सगळे जमणार नाही. दागिन्यांचे पुठ्ठे आणि जरीच्या पट्ट्या आताच कापून ठेवा, हलवा लग्नानंतर.

प्रश्न : सासऱ्यांना साठीनिमित्त हाताने केलेली वस्तू द्यायची आहे, पण मला स्वतःला काही करता येत नाही.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : भेट तुमच्याच हातची असावी असे नाही, ज्याचा हात तिच्यात आहे त्याला तुम्ही भेटलेले असावे, एवढे पुरे. आपल्याच जिल्ह्यात अथणी भागात कोल्हापुरी चपला हाताने शिवणारे कारागीर आहेत. 2019 मध्ये या चपलांच्या भौगोलिक मानांकनाचा गाजावाजा झाला, त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर आपल्याकडील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे जिल्हेही आहेत. कारागिराकडे सासऱ्यांच्या दोन्ही पायांचे माप न्या. कागदावर उभे राहायला सांगून संध्याकाळी काढा, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले हे कातडे पाणी शोषते, म्हणून पावसाळ्यात देऊ नका; साठी आषाढात येत असेल तर त्या दिवशी माप घ्या आणि चपला दसऱ्याला द्या.

प्रश्न : आईला जाऊन वर्ष होत आले. आम्ही तिघी बहिणी. एक पुण्याला, एक गोव्यात. आईच्या साड्यांच्या वाकळी करून तिघींनी घ्याव्यात असे मला वाटते. धाकटीला साड्या कापलेल्या नको आहेत. रेशमी साड्यांचेही काय करावे ते कळत नाही.
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, आधी धाकटीशी बोला, साड्या नंतर. तिला आवडती एक साडी अखंड ठेवून देण्याचे कबूल केले तर बाकीच्यांबद्दल तिची हरकत बहुधा उरणार नाही. आणि तिघींच्या वाकळींत प्रत्येक साडीचा थोडा थोडा भाग असू द्या, म्हणजे कोणती साडी कोणाकडे गेली हा प्रश्नच राहणार नाही.

साड्या उजेडासमोर धरून पाहा. घडीच्या रेषेवर कापड विरलेले दिसेल. तिथे दोन अंगठ्यांनी हलकेच ताणले असता फाटले तर तो भाग आतल्या थराला, टिकले तर बाहेरच्या. नेसून मऊ झालेली सुती लुगडी आतल्या थरांसाठी सर्वांत चांगली. पातळ वाकळीला तीन थर पुरतात, आपल्या थंडीसाठी चार-पाच घाला. इरकलीचे काठ आडवे कापू नका. ते लांबीतच उसवून चारही कडांना लावा आणि पदर मधोमध येऊ द्या. रेशीम आणि पॉलिस्टर वाकळीत घालू नये. रेशीम सुती थरांवरून घसरते, जर अंगाला टोचते, आणि धुतल्यावर दोन्ही कापडे सारखी आटत नाहीत. रेशमी साड्या नेसा, किंवा त्यांचे बटवे आणि बाळांच्या कुंच्या करा. कुंचीला आतून मलमलीचे अस्तर लावायला विसरू नका.

नवे कापड किंवा अस्तर वापरणार असाल तर ते रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवून मगच घ्या. थर फरशीवर पसरून चारही बाजूंनी ताणून बसवा, मधून कडेकडे लांब टाक्यांनी टाचून घ्या, आणि मग धावदोरा कडेपासून सुरू करून फेऱ्याफेऱ्यांनी आत नेत मध्यावर संपवा. टाचण नीट असेल तर मध्ये फुगा येत नाही. आपल्या खानापूरच्या जंगलपट्ट्यातील आणि शेजारच्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) समाजाच्या स्त्रिया कवंदी, म्हणजे त्यांच्या वाकळी, शिवतात त्या अवश्य पाहा. कोपऱ्यावर रंगीत कापडाच्या त्रिकोणी घड्या शिवतात, त्यांना त्या फुलं म्हणतात, आणि फुलांवाचून कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. तुमच्या वाकळींच्या कोपऱ्यांना आईच्या खणाच्या चोळ्यांचे तुकडे तसे लावता येतील. चोळीचे कापड इतके थोडे असते की दुसऱ्या कशालाच पुरत नाही.

हे काम पाडव्यापासून मिरगाच्या आत संपवा. उन्हात कापड कडक वाळते, अंगणात पसरायला जागा असते, आणि मे महिन्यात बहिणींना मुलांच्या सुट्टीत येता येते. पाऊस लागला की थरांत ओल राहते आणि तो वास पुढे कितीही धुतले तरी जात नाही. शिवायला गावातल्या बायकांना बोलावणार असाल तर मजुरी आधी ठरवा आणि निम्मी आधी द्या. कुटुंबाच्या आठवणीचे काम आहे म्हणून त्यांनी कमी घ्यावे अशी अपेक्षा ठेवू नये. टाचण तुम्ही करा, कडेच्या पहिल्या फेऱ्या प्रत्येक बहिणीने आपापल्या वाकळीवर घालाव्यात, मधल्या फेऱ्या त्या बायकांकडे सोपवा. पुण्याच्या बहिणीला यायला जमले नाही तर तिची वाकळ टाचून, घडी न घालता गुंडाळी करून पाठवा. घडी घातली की थर सरकतात आणि सगळे पुन्हा टाचावे लागते.