अलार्म रिसीव्हरवर सगळ्या पॅनल्सना एकच कॉल प्रोफाइल चालतं का?

तुमची अडचण मला समजली ती अशी: एकच रिसीव्हर (देखरेख केंद्रात अलार्मचे कॉल घेणारं मशीन), सगळ्या ग्राहकांची पॅनल्स (त्यांच्या जागेवरची अलार्मची यंत्रं) एकाच नंबरवर डायल करतात, आणि सगळ्या लाइनींना मशीनसोबत आलेलं मूळ प्रोफाइल (कॉल कसा घ्यायचा त्या सेटिंगचा संच) लावलेलं आहे. नवी पॅनल्स व्यवस्थित येतात. जुन्यांपैकी काहींचा कॉल उचलला जातो, टोनही वाजतात, पण स्क्रीनवर इव्हेंट पडत नाही आणि पॅनल परत परत डायल करत राहतं.

पॅनलगणिक प्रोफाइल करायच्या फंदात पडू नका, सहा महिन्यांनी कुणालाच काही सापडणार नाही. फॉरमॅटगणिक करा, म्हणजे पॅनल ज्या सांकेतिक भाषेत इव्हेंट पाठवतं त्यानुसार.

कारण असं. रिसीव्हर फोन उचलतो, क्षणभर थांबतो आणि पहिला हँडशेक, म्हणजे ‘आता बोल’ असं सांगणारा टोन, टाकतो. कॉन्टॅक्ट आयडी या फॉरमॅटचा हँडशेक म्हणजे १४०० हर्ट्झचा १०० मिलिसेकंदांचा टोन, तेवढीच शांतता, मग २३०० हर्ट्झचा १०० मिलिसेकंद. पॅनलला तो आपला वाटला तर ते बोलायला लागतं, नाहीतर गप्प बसतं. मग काही सेकंदांनी रिसीव्हर प्रोफाइलमधल्या यादीतला पुढचा हँडशेक टाकतो. दोन हँडशेकमध्ये चार सेकंदांचं अंतर असेल तर यादीत सहाव्या नंबरवर असलेल्या फॉरमॅटची पाळी येईपर्यंत वीस सेकंद गेलेले असतात. तोवर पॅनलने फोन ठेवलेला असू शकतो. शिवाय जुनी पल्सवाली (आकडे टोनच्या ठोक्यांनी पाठवणारी) काही पॅनल्स नुसत्या १४०० वर सुरू होतात, काही नुसत्या २३०० वर. दुसऱ्यासाठी वाजवलेला टोन आपलाच समजून असं पॅनल मध्येच सुरू झालं की रिसीव्हर ऐकतोय एक आणि समोरचा बोलतोय भलतंच. म्हणून यादी आखूड ठेवा, आणि जे फॉरमॅट तुमच्याकडे एकाही ग्राहकाकडे नाहीत ते सरळ काढून टाका. माझ्या मते निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

पीआरआय किंवा सिप ट्रंक (एकाच जोडणीवर अनेक नंबर देणारी डिजिटल किंवा इंटरनेटवरची लाइन) असेल तर कॉन्टॅक्ट आयडीला एक नंबर द्या, जुन्या पल्स पॅनल्सना दुसरा, एसआयए एफएसके (मोडेमसारख्या आवाजात डेटा पाठवणारा फॉरमॅट) असेल तर तिसरा. रिसीव्हर डायल झालेला नंबर बघून प्रोफाइल उचलेल. साध्या अॅनालॉग लाइनी असतील तर लाइनगणिक प्रोफाइल लावा, पण मग त्या लाइनी हंटिंगमध्ये (एक लाइन व्यस्त असली की कॉल पुढच्या लाइनवर वळवणारी सोय) एकमेकींना जोडलेल्या नाहीत ना ते बघा, नाहीतर कॉल भलत्याच लाइनवर जाईल. कॉलर आयडीवरून प्रोफाइल निवडायची सोय बऱ्याच रिसीव्हरमध्ये असते. जीएसएम डायलरच्या (मोबाइल सिमवरून कॉल करणाऱ्या) ग्राहकांसाठी मी ती वापरत नाही, ग्राहक सिम बदलतो आणि आपल्याला सांगत नाही.

आता इव्हेंट येतो पण पॅनल तोच पुन्हा पाठवतं, अशी तक्रार असेल तर दुखणं किसऑफमध्ये, म्हणजे मेसेज मिळाल्याची पोच देणाऱ्या रिसीव्हरच्या टोनमध्ये, आहे. लॉगमध्ये कच्चा मेसेज बघा:

४०७१ १८ ११३० ०१ ००५ ८

४०७१ अकाउंट नंबर, १८ म्हणजे कॉन्टॅक्ट आयडी, पुढचा १ म्हणजे नवी घटना (तिथे ३ असता तर रिस्टोअर), १३० घरफोडी, ०१ पार्टिशन (जागेचा भाग), ००५ झोन (त्यातला सेन्सर). शेवटचा ८ हा चेकसम: शून्याला दहा धरून सगळ्या आकड्यांची बेरीज १५ ने भागली गेली पाहिजे. इथे ती ९० होते. एक आकडा जरी लाइनवर गळाला तरी बेरीज चुकते आणि रिसीव्हर किसऑफ देत नाही. पॅनल सव्वा सेकंद वाट बघून तोच मेसेज परत पाठवतं. आणि किसऑफ जाऊनही पुनरावृत्ती होत असेल, तर तो पॅनलपर्यंत पोचत नाहीये. किसऑफ १४०० हर्ट्झचा, पाऊण ते एक सेकंदाचा असतो. प्रोफाइलमध्ये त्याची लांबी कुणी कमी केली असेल तर आधी ती दुरुस्त करा.

आकडे गळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे व्हीओआयपी, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा फोन. कॉन्टॅक्ट आयडीचा एकेक आकडा जेमतेम ५०-६० मिलिसेकंद वाजतो. कोडेक (आवाज डेटात बदलण्याची पद्धत) जी.७११ च ठेवा, जी.७२९ वर टोनची वाट लागते. सायलेन्स सप्रेशन (शांततेत आवाज पाठवणं थांबवणारी सोय) बंद करा. फायबरच्या राउटरला जोडलेल्या जुन्या पॅनलचं प्रोफाइल कितीही घासलंत तरी हे केल्याशिवाय उपयोग नाही. रिसीव्हर म्हणून अॅस्टरिस्क हे टेलिफोन सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातल्या alarmreceiver च्या कॉन्फिगमधला दोन आकड्यांमधला टाइमआउट मुळात २०० मिलिसेकंद असतो, तो थोडा वाढवून बघा.

घटनेनंतर ऑपरेटरला आवाज ऐकायचा असेल, म्हणजे पॅनल ६०६ पाठवत असेल, तर त्या ग्राहकांचं प्रोफाइल वेगळंच हवं: किसऑफनंतर लाइन न तोडता ऑपरेटरकडे देणारं.

बदल एकदम सगळ्या लाइनींवर लावू नका. एक लाइन घ्या, प्रत्येक फॉरमॅटच्या एकेका पॅनलवरून टेस्ट पाठवा (कॉन्टॅक्ट आयडीत ६०१ हाताने, ६०२ ठरावीक वेळेचा) आणि एका टेस्टला एकच कॉल लागतोय ना ते लॉगमध्ये बघा. तरीही अडलं तर रिसीव्हरचं मॉडेल आणि लॉगचा तुकडा इथे टाका, अकाउंट नंबर झाकून.